लाडू चावतो

"मोठी झाली की सुटतं ना, बाबा?"

भिकाबाबा मठाच्या पायरीवर बसून धोतराचं उसवलेलं टोक शिवत राहिले.

दिनकररावांनी पुन्हा विचारलं. एकदा विचारून उत्तर न मिळण्याची त्यांना सवय नव्हती. तालुक्याच्या शाळेचे मुख्याध्यापक, मठाचे वीस वर्षांपासूनचे शिष्य. उत्सवाच्या पत्रिकेवर पहिलं नाव त्यांचं, आणि ते पहिलंच आहे ना, हे तेच तपासून पाहायचे.

मी पडवीत भाजलेले शेंगदाणे पाखडत होतो. मठाचा स्वयंपाक माझ्याकडे. उद्या उत्सव होता.

आमच्या मठाची रीत अशी की शिष्याच्या घरच्या मुलाला पाच वर्षं पूर्ण झाली की उत्सवात बाबा त्याला मांडीवर घेतात आणि दाण्याचा लाडू स्वतःच्या हातानं भरवतात. मग ते मूल मठाचं झालं, असं धरतात. दिनकररावांची शर्वरी गेल्याच महिन्यात पाच वर्षांची झाली होती.

आणि शर्वरीला दाणे चालत नव्हते. कणभर पोटात गेला तरी अंगावर गांध्या उठायच्या, ओठ सुजायचे, श्वास कोंडायचा. ॲलर्जी हा शब्द आता आमच्या गावालाही पाठ झाला आहे. पाठ झाला म्हणजे पटला, असं मात्र नाही.

"डाक्टर काय म्हनतो?" बाबांनी सुईत दोरा ओवत विचारलं.

"दुधाचं सुटलं बघा तिचं. दोन वर्षांची होती तेव्हा थेंबभर दुधानं लालबुंद व्हायची. पुढं डॉक्टरांनीच दवाखान्यात बसवून चमचा चमचा पाजून पाहिलं. आता वाटीभर खीर ओरपते."

"म्या दान्याचं इचारलं."

दिनकररावांनी घसा साफ केला.

"ते म्हणतात, दुधाचं, अंड्याचं पुष्कळ मुलांचं सुटतं. दाण्याचं थोड्यांचंच. दिवाळीनंतर पुन्हा तपासू. तोवर कणही द्यायचा नाही."

"मंग झालं की."

"डॉक्टर म्हणजे काही देव नव्हे, बाबा."

"म्या बी न्हाई."

...

दिनकरराव एक पायरी खाली सरकून बसले. नम्रता दाखवायची झाली की ते असेच एक पायरी सरकतात. एकच.

"तुमच्या हातचा घास आहे. बोराएवढा द्या, फार नको. गाव बघत असणार. वीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय, प्रसादाला नाही म्हणू नये. आता माझ्याच मुलीला वगळलं, तर काय तोंड दाखवू? आणि तुमच्या हातून आजवर कुणाचं वाईट झालंय?"

बाबांची सुई थांबली.

"कुनाचंच न्हाई?"

ते दिनकररावांना विचारत होते, पण बघत होते माझ्याकडे. मी खाली मान घालून जोरजोरात पाखडू लागलो.

शर्वरी अंगणात चाफ्याची फुलं वेचत होती. ती ओंजळ भरून माझ्या सुपाकडे आली. फुलं सुपात ठेवायची असावीत.

"रखमाजी, सूप उचल. आत ने. हात धू, साबन लावून."

बाबांचा एवढा चढलेला आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. मी सूप आत ठेवलं, हात धुतले. पहाटेपासून चुलीपुढे बसून दाणे भाजायचे आणि माझेच हात धुवायला लावायचे, याचा मला रागच आला. तसाच फणफणत बाहेर आलो.

बाबा शर्वरीला विचारत होते, "बाय, लाडू खानार का उद्या?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"का गं?"

"लाडू चावतो."

दिनकरराव हसले. "एका वाढदिवसाला कुणीतरी चिमूटभर भरवला होता. तेव्हापासून हेच. अगं, आपण लाडवाला चावायचं, का लाडवानं आपल्याला?"

ते एकटेच हसले. माझ्या हाताचं पाणी अजून निथळत होतं आणि मला वाटलं, ते कधीच सुकणार नाही.

"कुटं चावतो?" बाबांनी विचारलं.

तिनं जीभ बाहेर काढली. मग गळ्यावर बोट ठेवलं.

"आणि इथं."

बाबा उठले. सुई धोतरालाच लोंबत राहिली. चाफ्याखाली बाळमहाराजांचा ओटा आहे, तिकडे ते चालू लागले. आम्ही मागोमाग गेलो. मुलीला बाबांनी पायरीवरच बसायला सांगितलं.

बाळमहाराज म्हणजे गावातल्या गयाबाईचा पोरगा, सोपान. अकरा वर्षांपूर्वी, उत्सवात, बाबांच्या मांडीवर गेला. मुखात प्रसाद असताना गेला, पुण्यवान जीव होता, असं तेव्हा कुणीतरी म्हणालं आणि गावानं ते उचलून धरलं. गयाबाईनं तेवढं धरलं नाही. ती त्यानंतर मठाची पायरी चढलेली नाही.

लोक ओट्यावर नवस बोलतात. नवस फिटला की दाण्याचे लाडू ठेवतात. रोज सकाळी बाबा ते उपरण्यात गोळा करून नेतात. प्रसाद म्हणून खात असतील, असं आम्ही समजून होतो.

त्या सकाळीही चार लाडू होते. मुंग्या लागलेले.

"रोज पुरतो म्या हे," बाबा म्हणाले. "मठामागं. कुत्र्यानं उकरू नये इतकं खोल."

दिनकररावांना काही उमजेना.

"त्यो बी म्हनला व्हता. बाबा, नगं, लाडू चावतो... म्या हसलो. तुज्यासारखाच. म्हनलो, देवाचा हाय, न्हाई म्हनू नये."

"पण बाबा, तो तर प्रसाद मुखात असताना..."

"त्वांड निळं पडलं व्हतं त्याचं, दिनकर. तू मागंच हुबा व्हतास."

मीही तिथंच होतो. तो लाडू मीच वळला होता. पोर श्वासासाठी तडफडायला लागलं, तेव्हा दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या मीच ओवाळल्या. गयाबाई ओरडत होती, जीप बघा, कुणीतरी जीप बघा. तिसऱ्यांदा ओवाळेपर्यंत पोर गेलं होतं.

बाबांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. अर्ध्या गावाला ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर इतका पक्का ओटा बांधला नसता. मला त्या दिवशी त्याची लाज वाटली. अकरा वर्षं उशिरा वाटली, पण वाटली.

"तुमी वटा बांधला," बाबा म्हणाले. "म्या बांधू दिला. मला बरं पडलं."

...

ओट्यावरची काळी फरशी दिनकररावांनीच दिली होती. अक्षरंही त्यांनीच कोरून घेतली होती, शुद्धलेखन स्वतः तपासून. तिच्यावर धूळ आणि लाडवाचा भुगा साचला होता. बाबांनी तळहातानं तो पुसला.

"वाच."

"बाबा, मला पाठ आहे ते."

"पाठ हाय म्हनूनच. वाच."

दिनकररावांनी वाचलं. शाळेत वाचतात तसं खणखणीत नाही.

"श्री बाळमहाराज. प्रसाद मुखी असता... वैकुंठगमन. वय..."

पुढचं त्यांच्यानं वाचवेना. त्यांनी मागं वळून पायरीकडे पाहिलं. शर्वरी फुलं मांडत होती, एकेक, ओळीनं.

"वय?" बाबांनी विचारलं.

"वर्षे पाच."

बाबा खाली वाकले आणि मुंग्या झटकत एकेक लाडू उपरण्यात घेऊ लागले. मी मदतीला पुढं झालो, तर त्यांनी मला कोपरानं मागं सारलं.

दिनकररावांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"पण सुटेल ना, बाबा? मोठी झाली की... सुटतं ना?"

बाबांनी उपरण्याला गाठ मारली.

"सुटतं काहींचं. मोटं हू दिलं तर."