मुळ्याच्या पाल्याचा मान

मुलांनो, मुळ्याचा पाला उकिरड्यावर फेकताना त्याला काय वाटत असेल?

फार वर्षांपूर्वी वच्छीकाकूंच्या टोपलीतला मुळा पाल्याला म्हणाला, "अरे झुबक्या, तुझी जागा उकिरड्यावर!" पाला बिचारा मान खाली घालून बसला.

तेवढ्यात विळीवर पाला छाटताना काकूंचं बोट कापलं. त्यांनी ते दाबून धरलं आणि थोड्याच वेळात रक्त थांबलं.

तशी विळीआजी कडाडली, "मुळोबा, फुशारकी पुरे! रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं. ते या घराला माठ, पालक, मेथी देतात आणि हा पालाही देईल."

पाल्याची मान ताठ झाली. काकूंनी तो उचलून स्वच्छ धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात उजवीकडे पाल्याची भाजी होती आणि डावीकडे मुळ्याच्या दोन चकत्या.