गोमीबायचा गाठींचा दोर

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट, खाडी अजून गावाच्या उंबऱ्याशी यायची तेव्हाची. बांधात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणायचे. ओहोटीला दार उघडायचं, की शेतातलं पावसाचं पाणी बाहेर. भरती लागली की दाराच्या खाचेत फळ्या टाकायच्या, की खारं पाणी बाहेरच. हे काम गोमीबायचं. फळ्या लवकर टाकल्या तर भात कुजायचं, उशीर झाला तर खाऱ्या पाण्यानं करपायचं.

मग देवी आल्या नि गोमीबायचे डोळे घेऊन गेल्या. पण तिचा जीव उघाडीपाशीच. पाणी फिरलं की बसल्या जागी तिचे पाय हलायचे. असं म्हणतात, खाडी तिच्या कानात कुजबुजायची.

जोमा पाटील म्हणाला, "बाय, आता गप घरी बस. गाव भाकर देईल."

"भाकर नको, दोर दे. माझ्या दारापासून उघाडीपर्यंत."

"आज दोर, उद्या पालखी मागशील!"

"पालखीला चार माणसं लागतात, जोमा. दोराला नुसते खुंट."

लोक हसले, नि हसता हसता दोर बांधला गेला. वळणाला एक गाठ, निसरड्याला दोन, उघाडीला तीन. गोमीबाय बांधावरून धावायला लागली.

श्रावणात उधाण आलं. भर दुपारी अंधारून आलं, वाऱ्यानं पाटलाची वैरणीची उडवी उडायला लागली. पाटलानं घाईघाईत मधलाच दोर कापला नि उडवी बांधली. "नंतर लावू," म्हणाला. तेवढ्यात पाणी फिरलं. गोमीबाय धावली. एक गाठ लागली, पुढं हात रिकामा.

"जोमाऽ! दोर कुठाय?"

पाटील पांढरा पडला. डोळसांनाही उघाडी दिसेना, एकेकट्याला वारा ढकलून देई. मग माणसांनी हातात हात धरले. तुटल्या टोकापासून तुटल्या टोकापर्यंत सगळं गाव उभं राहिलं, नि शेवटाला पाटील, कमरेइतक्या पाण्यात, दोर मुठीत धरून. गोमीबाय खांद्यामागून खांदा चाचपत गेली. असं म्हणतात, तिनं हात उचलला तशी भरती थबकली, नि फळ्या आपसूक खाचेत बसल्या.

आजही उधाणाआधी गाव नवा दोर वळतं. पहिली गाठ पाटलाच्या घरचं माणूस मारतं, डोळे मिटून. नि उघाडीवर कुणी नवं कामाला आलं, पांगळं असो, बहिरं असो की धडधाकट, गाव आधी एवढंच विचारतं, "तुला काय बांधून देऊ?"