नावं जाळणारा केरबा

फार वर्षांपूर्वी, म्हणजे आमच्या उंबरसोंडेत घड्याळ एकच होतं आणि तेही मागे चालायचं, तेव्हाची ही गोष्ट. राज्य संस्थानिकांचं होतं. चावडीशेजारच्या खोलीत एक वाचनालय होतं आणि ते सांभाळायचा केरबा सुतार. त्याची शाळा चौथीपर्यंत, पण पुस्तकाचं वेड असं की लाकूड तासतानाही शेजारी पुस्तक उघडं असायचं. डाव्या हाताच्या बोटाचं एक पेर त्यानं त्यातच गमावलं, असं म्हणतात.

केरबाचा नियम एकच होता. जो येईल त्याला पुस्तक द्यायचं. जात विचारायची नाही, आणि हे पुस्तक कशाला हवंय, असंही विचारायचं नाही. एखादी बाई दारात घुटमळली, की तिच्या मनातलं पुस्तक फळीवरून आपोआप बोटभर पुढे सरकायचं, असं म्हणतात. मला विचाराल तर ते केरबाच सरकवत असणार, पण आमच्या गावात हे बोलायची सोय नाही.

कोणतं पुस्तक कुणाकडे आहे हे कळावं म्हणून त्यानं एक युक्ती काढली होती. प्रत्येक वाचणाऱ्याची आंब्याच्या लाकडाची एक चकती असायची आणि तिच्यावर त्या माणसाची खूण कोरलेली, कुणाची कात्री, कुणाचा विळा, कुणाचं मडकं. पुस्तक गेलं की त्याच्या जागी चकती उभी राहायची. अशा दीडशे चकत्या त्यानं स्वतः कोरल्या होत्या. आल्यागेल्याला तो त्या हौसेनं दाखवायचा आणि म्हणायचा, नुसती नजर फिरवा, सारं गाव कळतं. इथंच बिचारा चुकला.

एका वर्षी दरबारानं एका पुस्तकावर बंदी घातली. रयतेनं राजाला जाब विचारावा, असं काहीतरी त्यात होतं. ज्यानं ते नेलं असेल त्याच्या घराला कुलूप आणि पोराबाळांसकट हद्दपारी, असा हुकूम निघाला. आणि केरबाच्या फळीवर नेमकी त्या पुस्तकाच्या जागी एक चकती उभी होती.

फौजदाराचा घोडा ओढ्यापलीकडे दिसला तेव्हा केरबा फळीपुढे उभा होता. सारं गाव आपणच उघडं करून ठेवलंय, हे त्याला तेव्हा कळलं. ती एकच चकती लपवून भागणार नव्हतं, कारण उरलेल्या पाहून फौजदारानं नसलेली कुणाची ते हुडकून काढलं असतं. मग त्यानं दीडशेच्या दीडशे चकत्या उपरण्यात बांधल्या आणि शेजारच्या कुंभाराच्या पेटत्या आव्यात टाकल्या. लाकूड आंब्याचं, पण गावभर चंदनाचा वास सुटला, असं म्हणतात.

फौजदारानं विचारलं, “हे पुस्तक कुणी नेलंय?”

केरबा म्हणाला, “वाचणाऱ्याचं नाव माझ्यापाशी ठेव म्हणून हाय, सायेब. दुसऱ्याची ठेव मी कशी उचलून देऊ?”

त्याला बेड्या घालून नेलं. गावातल्या एकूणएक घरांची झडती झाली, पण पुस्तक सापडलं नाही. तुरुंगात रोज त्याला नाव विचारायचे आणि केरबा रोज त्यांना एका पुस्तकातली गोष्ट सांगायचा. अकरा महिन्यांत पहारेकरी अक्षरं गिरवायला लागले, असं म्हणतात. इकडे वाचनालय उघडंच होतं. नोंद नव्हती, चकती नव्हती, तरी लोक पुस्तकं नेत आणि आणून ठेवत. एक पुस्तक हरवलं नाही की एका पानाला वाळवी लागली नाही, असं म्हणतात.

केरबा सुटून आला तो पार वाळलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयाच्या उंबऱ्यावर तेच पुस्तक होतं. त्याला नवा पुठ्ठा घातला होता आणि फाटलेलं पान खळीनं चिकटवलं होतं. केरबानं आजूबाजूला पाहिलंसुद्धा नाही. उंबऱ्यावर बसून तो पोटभर रडला आणि मग पुस्तक त्याच्या जागी ठेवून आला. ते कुणी नेलं होतं, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं.

आता वाचनालयाला सरकारी अनुदान आहे आणि ग्रंथपाल पदविका घेऊन येतात. नोंदवही ठेवावी लागते, पण ती कुलपात असते. तपासणीला साहेब आले की त्यांना आकडे मिळतात, नावं मिळत नाहीत. आणि केरबा सुटून आला ती मार्गशीर्षातली पंचमी आम्ही पाळतो. त्या दिवशी ज्याला जमेल तो वाचनालयाचं एखादं जुनं पुस्तक नीट करून, पुठ्ठा घालून उंबऱ्यावर ठेवतो. ग्रंथपालानं तेवढा वेळ दाराकडे पाठ करून बसायचं, असा रिवाज आहे. हल्ली तिथे वैजयंताबाई बसतात. वीस वर्षं त्या या गावात आहेत, त्यामुळे पाठ असली तरी त्यांना पावलं ओळखू येतात. मी एकदा विचारलं, यंदा कोण कोण आलं होतं? त्यांनी मला चहा दिला.