करकोच्याचे पीस

सागाच्या एका जंगलात वानरगुरुजींची शाळा भरत असे, आणि त्या शाळेत एका चितळ हरिणीचे पाडस शिकत असे. शाळा दुपारी सुटायची. हरिणीचा कळप मात्र नदीपलीकडच्या माळावर चरायला जायचा, तो संध्याकाळीच परतायचा. मधल्या वेळात मुलांना कोण सांभाळणार? घरोघरी हीच अडचण होती. म्हणून शाळा सुटली की सशाचे, लांडोरीचे, साळिंदराचे आणि हरिणीचे अशी सगळी पिल्ले एका म्हाताऱ्या रानडुकरिणीकडे जात असत.

रानडुकरिणीचे पाळणाघर म्हणजे नुसता गोंधळ. मुले चिखलात लोळायची, वारुळे उकरायची, एकमेकांच्या अंगावर पडायची. ती एवढेच करायची की थोड्या थोड्या वेळाने मान वर करून "हुंर्र?" अशी हाक मारायची, आणि प्रत्येक पिल्लाने आपापल्या आवाजात ओ द्यायची. एखादी ओ कमी पडली, की हातातले काम टाकून ती त्या पिल्लाला शोधायला धावायची. बालमित्रांनो, हातातले म्हटले म्हणून हसू नका. तिला हात नव्हते, पण कामे पुष्कळ होती.

हे आयांच्या पसंतीस उतरेना. लांडोरीने एकदा सगळ्यांना जमवले. "माझ्या पिल्लाची पिसं चिखलाने चिकटून येतात," ती म्हणाली. "आमचा घरीसुद्धा ओरडूनच बोलतो," सशीण म्हणाली. आपली हरिणीही गप्प राहिली नाही. पाडसाचा गुडघा त्याच आठवड्यात खरचटला होता. ती म्हणाली, "मुलांना जरा वळण लावणारं कोणी हवं, बाई."

तेवढ्यात ओढ्याकाठचा करकोचा लांब पाय टाकत पुढे आला. "माझ्याकडे पाठवा. माझ्याकडे मुलं शांत बसतात. मला काही नको. दुपारच्या वेळी माझ्या डोहावर कोणी पाणी प्यायला येऊ नये, एवढं केलंत तरी पुरे."

किती सभ्य बोलणे! आया खूश झाल्या. कलकलाट असला की मासे दगडाखाली शिरतात आणि चोचीला लागत नाहीत, हे करकोच्याला चांगले ठाऊक होते. आयांना ते कोणी सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुले डोहाच्या काठी एका रांगेत बसू लागली. करकोचा "सुटी" म्हणेपर्यंत कोणी आवाज काढायचा नाही, असा नियम. जो सर्वांत शांत बसेल त्याला संध्याकाळी करकोच्याचे एक पीस बक्षीस. निळसर काळे, चकचकीत पीस! हरिणीच्या पाडसाला ते पहिल्याच आठवड्यात दोनदा मिळाले. हरिणीने दोन्ही पिसे घराजवळच्या सागाच्या ढोलीत जपून ठेवली आणि कळपातल्या बायकांना मुद्दाम दाखवली.

रोज संध्याकाळी करकोचा वाटेवर एका पायावर उभा असे आणि प्रत्येक आईला म्हणत असे, "काही त्रास नाही." ते ऐकून हरिणीला फार बरे वाटायचे. ती पाडसाला विचारायची, "शहाण्यासारखी बसलीस ना?" पाडस मान हलवायचे. आज काय खेळलीस, कोणाशी बोललीस, हे विचारायचे तिच्या मनात येत नसे. दिवसभर चालून ती थकलेली असायची.

एकदा पाडसाच्या कानात काटा मोडलेला तिला दिसला. कान सुजला होता. दोन दिवसांपूर्वीचा काटा होता तो.

"अगं, सांगायचं नाही का?" हरिणी म्हणाली.

"दुखत होतं," पाडस म्हणाले. "पण मी गप्प बसले."

लेक समजूतदार झाली, असे हरिणीला वाटले. तिने तिचा कान चाटला आणि कौतुकही केले. आणखी एकदा ती माळावरून लवकर परतली, तेव्हा तिने डोहाकडे डोकावून पाहिले. मुले खाली मान घालून बसली होती. करकोचा त्यांच्याकडे पाठ करून पाण्यात टक लावून उभा होता. हे काही बरे नाही, असे वाटून ती दोन पावले पुढे झाली. पण करकोचा मागे वळून हळूच म्हणाला, "पाहा, किती शिस्त!" आणि तिला आपल्याच शंकेची लाज वाटली. ती तशीच घरी गेली. पुढे कित्येक दिवस तिला घरी वळलेले ते पाऊल मागे घ्यावेसे वाटत राहिले, पण ते पुढची गोष्ट घडून गेल्यावर.

एका दुपारी पाडस रांगेतून उठून लव्हाळ्यामागे लघवीला गेले. तिथे साळिंदराचे एक जुने बीळ होते, वरून गवताने झाकलेले. पाडसाचा मागचा पाय त्यात गेला, आतल्या मुळांत अडकला आणि कट्कन मोडला. करकोचा तिथून वीस पावलांवर उभा होता. एक हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. पाडसाने दात घट्ट आवळले. त्या दुपारी करकोच्याला हातभर लांबीचा मासा मिळाला.

संध्याकाळी हरिणी आली. "काही त्रास नाही," करकोचा नेहमीप्रमाणे म्हणाला.

"माझी लेक कुठे आहे?"

करकोच्याने तेव्हा कुठे रांगेकडे पाहिले. पाडसाची जागा रिकामी होती. तो जरा गोंधळला. "कमाल आहे. आवाज तर काही आला नाही!"

हरिणी हाका मारत काठभर सैरावैरा धावू लागली. "बाळा! अगं बाळा!" ओ आली नाही. तिचा आकांत ऐकून म्हातारी रानडुकरीण झाडीतून धापा टाकत आली. आल्या आल्या तिने जुनी हाक मारली, "हुंर्र?" समोरच उभी असलेली सशाची, लांडोरीची, साळिंदराची पिल्लेही गप्प राहिली. त्यांनी आधी करकोच्याकडे पाहिले.

शेवटी रानडुकरिणीने नाक जमिनीला लावले आणि वास काढत ती लव्हाळ्यामागे पोचली. पाडस तिथेच पडले होते, टक्क जागे. ते ओठ चावत होते.

"आम्ही एवढ्या हाका मारतोय. ओ का दिली नाहीस गं?" हरिणी रडत म्हणाली.

"अजून सुटी झाली नव्हती," पाडस कुजबुजले. मग त्याने मान उचलली. "आई, मी अजिबात रडले नाही. आज पीस मलाच मिळेल ना?"

रानडुकरिणीने सुळ्यांनी मुळे उपटून पाडसाचा पाय मोकळा केला. जाताना ती एवढेच म्हणाली, "माझ्याकडे गुडघे फुटायचे, बाई. पण मला कळायचं तरी."

पाय जुळून आला तो वाकडाच. गवत संपले तेव्हा कळप नदी ओलांडून दूरच्या रानात निघून गेला. लंगड्या पाडसासाठी कळप थांबत नसतो, म्हणून हरिणी एकटीच लेकीपाशी मागे राहिली. आता ती रात्रंदिवस कान टवकारून असते. आणि मुलांनो, तुम्हाला वाटत असेल की करकोच्याचे पाळणाघर बंद पडले. नाही. "आमच्याला तर काही झालं नाही ना," असे म्हणत लांडोर आणि सशीण आपापली पिल्ले तिथेच पाठवत राहिल्या.

एका सकाळी हरिणीने ढोलीतली सगळी पिसे काढली आणि संतापाने ओढ्यात फेकून दिली. पाडस तिच्याकडे पाहत राहिले. मग ते लंगडत पाण्यात उतरले आणि हाती लागली तेवढी पिसे तोंडात धरून परत घेऊन आले. दगडावरून त्याचा दुखरा पाय दोनदा घसरला. त्याने हूं की चूं केले नाही.

तात्पर्य, आणि हे मोठ्यांसाठी : मूल त्रास देत नाही म्हणून खूश होण्याआधी, ते कोणाच्या सोयीसाठी गप्प बसले आहे, ते पाहावे.