माणसांहून वेगळा

एका राज्यात, ज्याचं नाव घेऊन कुणाचं भलं व्हायचं नाही, वीरबाहू राजा होता. त्याची लेक हेमांगी पायांपासून दगड होत चालली होती. गुडघे गेले, कंबर गेली. राजाचा जीव टांगणीला लागला. तेव्हा वाड्यातली एक बोलकी साळुंकी म्हणाली, "वाड्यात एकजण माणसांहून वेगळा आहे. तोच चेटक्या. त्याच्या डोक्यावर चंदनविहिरीचं पाणी ओता, शाप सुटेल. भलत्यावर ओतलंत, तर पोर कायमची शिळा."

झालं! वाड्यात संशयाचं भूत शिरलं. सेनापती तिरळा, म्हणून त्याच्या पंगतीला कुणी बसेना. कारभारी झोपेत बडबडे, त्याची चहाडी बायकोनंच केली. शेवटी सगळी बोटं सगुणा दाईकडे वळली. बाई डावखुरी! डाव्या हातानं भरवते म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच, असं प्रधान नागनाथ हळूच म्हणाला आणि राजाला पटलं. जिनं पोर अंगाखांद्यावर वाढवली, तिलाच बेड्या पडल्या. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

दाईला स्वतःची चिंता नव्हती. भलत्यावर पाणी पडलं तर पोर जाईल, हेच तिचं भय होतं. तिनं एवढंच मागितलं, की आधी दरबाराला जेवू घाला, हसवा आणि दुपारी इथंच निजवा. मी नुसती बघेन.

राजा प्रत्येक घास हुंगून खाई. सेनापतीनं कढीलिंब वेचून ताटाखाली दडवला. विदूषकानं हसवलं तेव्हा खुद्द राणी घोडीसारखी फुरफुरली. मग कुणी घोरलं, कुणी दात खाल्ले. प्रधान मात्र बेतानं जेवला, बेतानं हसला आणि घडी घालून ठेवल्यासारखा निजला.

दाई राजाला म्हणाली, "महाराज, एकही खोड नसलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही."

राजाच्या अंगावर काटा आला. त्यानं चंदनविहिरीच्या पाण्याची घागर निजलेल्या प्रधानावर रिती केली. प्रधानाच्या जागी ओला कोळसा उरला. तिकडे हेमांगीनं पाय हलवला.

राजानं भर दरबारात हात जोडले. दाई म्हणाली, "पोर वाचली, मला सगळं पोचलं. पण संशय आला तेव्हा मला एकदा विचारायचं होतंत."

शाप सुटला, राज्य सुरळीत झालं, पण दाई दिसली की राजाची मान आपोआप खाली जाई. त्याला विचारायचं सुचलं नाही, ते तुम्हांआम्हांला वेळेवर सुचो.