तळवलकरांचं न उघडणारं कुलूप

मसाल्यांच्या कारखान्याच्या मालकीण कुमुदताईंपुढे तळवलकर आपल्या कंपनीचं नवं एन्क्रिप्शन घेऊन बसले होते. "तुमच्या मसाल्यांची गुपितं यात ठेवा. जगातला कुठलाही कॉम्प्युटर हे कुलूप उघडू शकत नाही. तुम्ही उघडलंत, तर फुकट!"

कुमुदताईंनी तिथूनच तळवलकरांच्या ऑफिसला फोन लावला. "साहेब माझ्यासमोर बसलेत. डेमोचा पासवर्ड विसरलेत आणि भयंकर चिडलेत."

पलीकडच्या मुलीने घाबरून पासवर्ड सांगून टाकला. कुलूप उघडलं, तळवलकरांचं तोंड मिटलं.

कुमुदताईंना तरुणपणीची टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी आठवली. "आम्ही मुली कलेक्टरलासुद्धा म्हणायचो, 'थांबा, आधी खात्री करते.' आमच्या सुपरवायझर पेडणेकरबाई त्यावरून कधी रागावल्या नाहीत हो. तुमचं कुलूप पक्कंच आहे. पण तुमच्या माणसांना चोरापेक्षा तुमचीच भीती जास्त वाटते."