सशिणीचा वाल आणि मुंगीचा सल्ला

डोंगराच्या पायथ्याशी जंगल विरळ होत जाते, तिथल्या एका करवंदीच्या जाळीखाली एक सशीण आपल्या लेकीला घेऊन राहत असे. बिळासमोर तिची भाजीची बाग होती. बाग म्हणायचे ते आपले तिचे मन राखायला, कारण चार उड्यांत ती संपत असे. बाकीचे ससे मिळेल ते गवत खाऊन पडून राहत आणि हिला हसत. "अगं, एवढं गवत पडलंय जंगलात, कशाला मरतेस माती उकरून?" असे विचारत. सशीण म्हणे, "आपण लावलेलं उगवलं की बरं वाटतं." मुलांनो, कुंडीत मेथीच्या चार काड्या आल्या तरी शेजाऱ्यांना बोलावून दाखवणारी माणसे तुमच्याही ओळखीची असतील. त्यांना हसू नका. फार थोडक्यात सुखी होणारी ही माणसे असतात, आणि तेवढेही त्यांना सहज मिळत नाही.

सशिणीच्या घरात एक जुनी रीत होती. लेक मोठी होऊन स्वतःचे बीळ खणायला निघाली, की आई तिच्या ओंजळीत वालाचे बी ठेवी. सशिणीला ते तिच्या आईने दिले होते आणि आईला तिच्या आईने. त्या घरातून पुढे जात आलेली वस्तू एवढीच. थंडी सरली की लेक निघणार होती. पण त्या वर्षी बी जपून ठेवलेल्या करवंटीतली राख बाजूला करून पाहिले, तर भुंग्याने बी पोखरून त्याचे पीठ केलेले. धड असे बारा दाणे निघाले. ते आणखी वर्षभर टिकले नसते, म्हणून सशिणीने बाराही पेरून टाकले. "काळजी करू नकोस," ती लेकीला म्हणाली, "तुझी ओंजळ भरूनच देईन."

पेरून चार दिवस झाले नाहीत तोच परतीचा पाऊस आला आणि आठवडाभर मुक्काम ठोकून बसला. पाच दाणे मातीतच कुजले. सात उगवले, तर त्यातल्या तीन रोपांची कोवळी पाने गोगलगायींनी खाऊन नुसते देठ ठेवले. सशिणीने वाफ्याभोवती राखेचे रिंगण घातले, ते पुढच्या सरीने धुऊन नेले. मग ऊन पडले ते असे, की दोन रोपांनी माना टाकल्या त्या पुन्हा वर केल्याच नाहीत. सशीण ओढ्यावरून तोंडात पाणी धरून आणी आणि बुडाशी सोडी. सशाच्या तोंडात मावून मावून पाणी ते किती मावणार? उरलेल्या दोनांपैकी एकावरून रानडुक्कर चालत गेले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, त्याला फक्त पलीकडे जायचे होते. त्या तुडवलेल्या रोपापाशी सशीण बराच वेळ बसून राहिली. ती रडली नाही, पण त्या दिवशी तिने काही खाल्लेही नाही.

शेवटचे रोप मात्र तगले. करवंदीच्या काट्यांना धरत धरत वेल वर गेला, त्याला जांभळी फुले आली आणि एक शेंग धरली. सशिणीने त्या शेंगेच्या देठाला गवताची काडी बांधली. काडी बांधली म्हणजे शेंग बियाण्याची. ती तोडायची नाही, वेलावरच पिकू आणि वाळू द्यायची. लेक रोज सकाळी शेंगेवरून हलकेच पंजा फिरवी आणि दाणे चाचपून बघे. "तीन आहेत, आई," ती सांगे. "फुलं पुष्कळ आहेत," आई म्हणे, "आणखी शेंगा येतील."

मग मळभ आले. पाऊस नाही, ऊन नाही, आठ-आठ दिवस नुसते राखाडी आभाळ. अशा हवेत वालावर मावा पडतो. मावा म्हणजे मोहरीहून लहान, काळे, मऊ किडे. ते कोवळ्या शेंड्याला दाटीवाटीने चिकटतात आणि वेलाचा रस पीत बसतात. सशिणीने आईला करताना पाहिले होते तसेच केले. सकाळी पाने दवाने ओली असताना वरून राख भुरभुरली. मावा थोडा गळाला, पण फुलेही गळत होती. सशीण घाबरली. आता कोणाला तरी विचारायला हवे असे तिला वाटले, आणि वेलाच्या बुडाशी तिला मुंगी भेटली.

मुलांनो, तुमच्या पुस्तकातली मुंगी कष्टाळू असते. ती कष्टाळू असतेच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सशिणीनेही मुंगीबद्दल लहानपणापासून हेच ऐकले होते, त्यामुळे तिचा मुंगीवर चटकन विश्वास बसला. जो एवढे राबतो तो वाईट सल्ला कशाला देईल, असे भोळ्या जीवांना नेहमीच वाटते.

"मुंगीताई, तू दिवसभर या वेलावर चढ-उतार करतेस," सशीण म्हणाली. "फुलं कशानं गळताहेत गं?"

"तुझ्या राखेनं," मुंगी म्हणाली. "वेल गुदमरतो त्यात. टाकू नकोस."

"आणि पानं अशी चिकट का झालीत?"

"दव आहे ते," मुंगी म्हणाली आणि घाईघाईने वर गेली. तिला खूप काम होते.

सशिणीने राख बंद केली. चार-पाच दिवसांनी तिला पानांच्या मागे वेगळ्याच अळ्या दिसल्या. काळपट, अंगभर काटे, पाठीवर नारिंगी ठिपके आणि चालायला भलत्याच चपळ. पाहूनच अंगावर शहारा यावा अशा. एक संकट संपले नाही तोवर हे दुसरे. ती पुन्हा मुंगीकडे धावली.

"फार वाईट जात," मुंगी म्हणाली. "एकूण एक वेचून टाक. एकही ठेवू नकोस."

"तुला माहीत आहेत त्या?"

"आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो त्यांना," मुंगी म्हणाली. आणि हे मात्र अगदी खरे होते.

मायलेकी दोन दिवस वेलापाशी बसल्या. करवंदीच्या काट्यांनी पंजे ओरबाडून निघाले, तरी त्यांनी पान न् पान उलटून पाहिले. सापडेल ती अळी केळीच्या पानावर घ्यायची आणि ओढ्यात नेऊन सोडायची. लेकीला किळस येत होती, तरी ती करत होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वेलावर एकही काटेरी अळी दिसेना, तेव्हा सशिणीने कितीतरी दिवसांनी पोटभर खाल्ले. आपण वेळेवर धावलो, असे ती लेकीला दोनदा म्हणाली.

त्यानंतर मावा असा माजला, की वेलाचा हिरवा रंगच दिसेना. शेंडे काळे झाले, पाने आकसून वळली, चिकट पानांवर काजळी धरली. उरलेली फुले गळाली. गवताची काडी बांधलेली शेंग सुरकुतत चालली. सशीण तोंडात पाणी आणून आणून घालत होती, आणि वेल ते पाणी माव्याला पाजत होता.

एका सकाळी लाल पाठीवर काळे ठिपके असलेली एक ढालकिडीण उडत आली आणि त्या वळलेल्या पानांवर फिरू लागली. एका पानाखाली जाई, बाहेर येई, दुसऱ्याखाली जाई.

"काय शोधतेस?" सशिणीने विचारले.

"माझी पिल्लं," ढालकिडीण म्हणाली. "इथंच अंडी घातली होती. मावा भरपूर होता, म्हटलं उपाशी राहणार नाहीत. रोज ढिगानं मावा खातात ती. एव्हाना वेल साफ व्हायला हवा होता."

"दिसायला कशी आहेत?" सशिणीने विचारले.

"माझ्यासारखी नाहीत अजून. काळी, काटेरी. पाठीवर नारिंगी ठिपके."

लेकीने ओढ्याकडे पाहिले आणि खरे ते सांगितले. ढालकिडीण रागावली नाही. ती थोडा वेळ पानाच्या टोकावर बसली आणि मग ओढ्याच्या दिशेने उडून गेली. ती रागावली असती तर सशिणीला बरे वाटले असते.

मग सशिणीने पहिल्यांदाच त्या वेलावरच्या चढ-उताराकडे नीट निरखून पाहिले. मुंग्यांची रांग बुडापासून शेंड्यापर्यंत लागली होती. एकेक मुंगी माव्याला मिशांनी थोपटत होती, आणि त्याच्या अंगातून आलेला गोड, चिकट थेंब घेऊन घरी परतत होती. गोठ्यात धार काढतात, तसे शांतपणे चालले होते सगळे.

"तू माझ्याशी खोटं बोललीस," सशीण मुंगीला म्हणाली.

"राखेचं बोलले असेन," मुंगी म्हणाली. "पण त्या अळ्या वाईटच. कोणाला वाईट, ते तू विचारलं नाहीस." आणि ती थांबली नाही, कारण तिच्या मागे रांग खोळंबली होती.

थंडी सरली तोवर वेल वाळून काडी झाला होता. सशिणीने गवताची गाठ सोडली आणि शेंग फोडली. आत तीन दाणे होते. सशिणीच्या आईने शिकवले होते, की बी भरले आहे की पोकळ ते पाण्यात कळते; चांगले बी तळाशी जाते. मायलेकींनी पळसाच्या पानाच्या द्रोणात पाणी घेतले आणि तिन्ही दाणे त्यात सोडले. तिन्ही वर तरंगले. सशिणीने पंजाने एकेक दाणा खाली दाबून पाहिला. पंजा काढला की दाणा पुन्हा वर येई. लेक म्हणाली, "राहू दे आता, आई."

लेक निघायच्या दिवशी वाळक्या वेलावर एक काटेरी अळी फिरताना दिसली. वेचताना नजरेतून सुटली असावी. तिला खायला तिथे काही उरले नव्हते. मुंग्यांची रांग केव्हाच पलीकडच्या दुसऱ्या एका वेलावर चढली होती. सशिणीने लेकीला जवळ बोलावले.

"ओंजळ भरून देणार होते, तर एक दाणाही देता येत नाही," ती म्हणाली. "ही तरी ओळखून ठेव. ही दिसली तर हात लावू नकोस."

"पेरायलाच काही नाही, आई," लेक म्हणाली. "मग ओळखून काय करू?"

लेकीने तरीही खाली वाकून त्या अळीकडे बराच वेळ पाहिले, तिचे ठिपके नीट लक्षात ठेवले, आणि रिकाम्या हातांनी ती ओढ्यापलीकडे निघून गेली.

तात्पर्य : सल्ला देणारा किती राबतो हे पाहून भागत नाही, त्याचे पोट कशावर भरते ते आधी पाहावे. मदतीला येणारा दिसायला चांगला असतोच असे नाही. आणि हे शहाणपण उशिरा आले, तर त्याने गेलेले बी परत मिळत नाही.